आधी थांबणे, मग धावणे

मध्यमवर्गीय घरात मूल अठरा वर्षांचे झाले की दोन कागदांचे वेध लागतात : मतदार-ओळखपत्राचे आणि मोटार चालविण्याच्या परवान्याचे. पहिल्याची घाई सरकारला असते, दुसऱ्याची मुलाला. आणि दुसरा कागद हाती आला की ओघानेच प्रश्न येतो, मुलाने चालवायची कोणती गाडी? घरात नवी असली तर ती द्यायला वडिलांचा जीव होत नाही. नसली तर घ्यायला खिसा तयार होत नाही. मग कुठल्या तरी नातेवाइकाच्या अंगणात धूळ खात उभी असलेली एखादी जुनी गाडी सर्वांना एकाच वेळी आठवते.

आमच्या घरी, साताऱ्यात, अशीच एक मारुती 800 आली. सौभाग्यवतींच्या मामांची. 2012 साली कोल्हापुरात नोंदलेली, पांढरी, आणि उजव्या दारावर एका पायरीच्या कोपऱ्याची आठवण बाळगणारी. या गाडीचे कुळ वाचकांना सांगायला नको. डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती 800 रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत ‘आमची पहिली गाडी’ या शब्दांचा अर्थ अनेक घरांत तीच होती. पण आजच्या अठरा वर्षांच्या मुलीला हा इतिहास सांगून काय उपयोग? आमच्या कन्येने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “बाबा, ही अगदीच डबी आहे हो!”

मग घरात दुरुस्तीची यादी सुरू झाली. कन्येला गाण्यांचा नवा संच हवा होता आणि बैठकींना नवी आवरणे. शेजारचे अण्णा म्हणाले, “आधी डेंटिंग-पेंटिंग करून घ्या. दारात उभी असते हो गाडी, लोक बघतात.” सर्वांचे बोलून झाल्यावर सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “पण ती थांबते का नीट?”

गॅरेजच्या मिस्त्रींना हाच प्रश्न सांगितला, तेव्हा ते हसले. म्हणाले, “सर, वहिनींनी बरोबर विचारलं. लोक गाडी आणतात आणि सांगतात, पळत नाही. थांबत नाही म्हणून सांगणारा क्वचित येतो. ज्याची थांबत नाही, त्याला सांगायला वेळच मिळत नाही.”

मी मराठीचा मास्तर. वाक्यात क्रियापद शेवटी येते हे वर्षानुवर्षे शिकवतो. पण मोटारीच्या वाक्यात ‘थांबणे’ हे क्रियापद आरंभीच यावे लागते, हे मिस्त्रींचे व्याकरण मला पटले. त्यांनी खर्चाचे तीन भाग पाडले. आधी थांबण्याचा, मग चालण्याचा आणि पैसे उरले तर दिसण्याचा. जुनी गाडी घरातल्या नवशिक्यासाठी घेणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ कागदावर लिहून ठेवावी.

थांबण्याच्या भागात पहिले आले ब्रेक. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढचे पॅड झिजले होते, मागचे ब्रेक-शू कडक झाले होते. त्याहून महत्त्वाचे होते ब्रेक-ऑइल. हे तेल हवेतली ओल हळूहळू शोषून घेते. घाटात ब्रेक तापला की त्या ओलीची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पाय खाली जातो पण चाक धरत नाही. म्हणून गाडी चालली न चालली, तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे. रबरी नळ्याही वाकवून पाहायच्या. तडे दिसले की बदलायच्या.

दुसरे आले टायर, आणि इथे कन्येला पहिला धडा मिळाला. टायरांवरची नक्षी छान खोल होती. ती म्हणाली, “हे तर नवे आहेत!” मिस्त्रींनी तिला खाली बसवले आणि टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचायला लावला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आकडा होता 3214, म्हणजे 2014 सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी अंगणात उभी राहिली म्हणून नक्षी झिजली नव्हती. रबर मात्र म्हातारे झाले होते आणि कडांना बारीक भेगा पडल्या होत्या. चारही टायर बदलले. मग पट्टे. झटका देऊन ओढला की पट्टा जागच्या जागी अडकला पाहिजे. पुढचा डावा अडकला नाही, तो बदलला. मागचे ब्रेकचे दिवे आणि वायपरची रबरे ही तर किरकोळ खर्चाची कामे, पण पहिल्या पावसात त्यांचीच किंमत कळते.

चालण्याच्या भागात इंजिनाचा रबरी दातेरी पट्टा, रेडिएटरचे पाणी बदलून कूलंट, बॅटरी आणि क्लचची तार. दुरुस्तीला एकूण 26,000 रुपये लागले. त्यांतले 17,000 थांबण्यावर गेले. दिसण्याच्या वाट्याला उरला एक बादली साबणाचे पाणी.

या साऱ्या काळात कन्या दर रविवारी गॅरेजात हजर असे. चाक उतरवणे, स्टेपनी लावणे, तेलाची काडी पुसून पुन्हा बुडवून पाहणे, हे तिने स्वतः केले. ज्या हाताने ब्रेकचा झिजलेला पॅड धरला आहे, तो हात गाडी उगाच दामटणार नाही, अशी माझी आपली समजूत.

पण वाचकहो, या गाडीत जे दुरुस्त होत नाही, तेही तिला सांगणे भाग होते. हिला एअरबॅग नाहीत. जोरात ब्रेक दाबला तर चाके अडकून गाडी घसरू नये, यासाठी असलेली एबीएस ही योजना भारतात सर्व नव्या मोटारींना 2019 पासून सक्तीची झाली. ती हिला नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच भारतीय छोट्या मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. त्यांत हिची धाकटी बहीण अल्टो 800 होती, आणि पाचही मोटारींना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. पत्रा जाड करून देणारा मिस्त्री कुठे भेटत नाही.

“मग घेतलीच कशाला?” कन्येने विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर असे, की हिच्याऐवजी तू वापरणार होतीस ती स्कूटर. 2022 साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, आणि त्यांत शेकडा 44 हून अधिक दुचाकीवरची होती. तेव्हा डबी असली तरी तिला चार भिंती आहेत. मात्र या भिंती धडक सोसायला पुरेशा नाहीत, एवढे ध्यानात ठेवून धडक टाळायची.

म्हणून घरात काही कलमे ठरली. एक वर्ष पुणे–बंगळूर महामार्ग नाही. यवतेश्वरचा घाट एकटीने नाही. अंधार पडल्यावर नाही. मैत्रिणींनी गाडी भरून नाही; एक मैत्रीण पुरे. आणि वेग 50 च्या वर नाही. वेगाचे गणित तिने स्वतःच मांडले. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. म्हणजे डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक लांबलचक खोली मागे पडते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. हे वडिलांनी सांगितले तर उपदेश होतो, वहीत सोडवले तर पदार्थविज्ञान होते.

कागदांचीही दुरुस्ती असते. गाडी आपल्या नावावर करून घेणे, विमा, पीयूसी, नव्या नियमाची नंबरपट्टी. आणि 2027 साली पंधरा वर्षे भरतील तेव्हा पुनर्नोंदणी. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ज्यांची मुले अजून अठराची नाहीत, त्यांनी ‘गल्लीतच तर चालवतोय’ हे वाक्य विसरावे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायदा अशा वेळी पालकाला धरतो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. पण कायद्याचे भय दुय्यम. रस्त्यावरून चालणारे दुसऱ्या कोणाचे तरी मूल असते, हे भय पहिले.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. अवश्य ठेवावे. फक्त ते लिंबू ठेवायला वाकलोच आहोत, तर टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचून घ्यावेत.

आता गाडी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जाते आणि येते. चढावर हँडब्रेक सोडून मागे न घसरता निघणे कन्येला जमू लागले आहे. शेजारी बसलेल्या आईचा उजवा पाय मात्र अजून नसलेला ब्रेक दाबतो. गाण्यांचा संच आलेला नाही. दारावरचा पोचा तसाच आहे. अण्णा रोज सकाळी त्याच्याकडे बघून हळहळतात, आणि आम्ही त्यांना चहा देतो.