झोपलेल्या जंतूला जोरदार डोस कशाला?

कोर्स पुरा झाला आणि महिन्याभरात दुखणं उलटलं, की आपल्याकडे निदान तयार असतं : जंतू रेझिस्टंट झाले. उपायही तयार : आणखी 'स्ट्राँग' गोळी. युक्तिवाद बिनतोड वाटतो. मरणारे मेले, उरले ते औषधाला न जुमानणारे. तेव्हा औषध बदला. यातली मधली पायरी निसरडी आहे, आणि हे 1944 पासून छापून आलेलं आहे.

त्या वर्षी डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की पेनिसिलिनच्या माऱ्यातूनही स्टॅफिलोकॉकसच्या दहा लाख जंतूंतला एखादा जगतो. वाचलेल्यांची त्यांनी पुन्हा पैदास केली आणि पुन्हा पेनिसिलिन दिलं. ते रेझिस्टंट असते, तर त्यांची प्रजा तगायला हवी होती. ती पहिल्यासारखीच मेली आणि पुन्हा मूठभर उरले. म्हणजे वाचण्याचा गुण वंशात उतरला नव्हता. ती त्या-त्या पेशीची त्या वेळची अवस्था होती. बिगर यांनी अशा पेशींना 'पर्सिस्टर' म्हटलं.

पेनिसिलिन जंतूची भिंत बांधली जात असतानाच घात करतं. जिथे बांधकामच बंद आहे, तिथे ते बिघडवणार काय? 2004 मध्ये नताली बालबान आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायची एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळली. अशा पेशी जास्त निपजवणाऱ्या वाणात, वाचलेल्या पेशी औषध येण्याआधीच वाढ थांबवून बसलेल्या आढळल्या. अशा पेशींवर डोस दुप्पट करून विशेष काही साधत नाही. त्या निपचित का पडतात, यावर मात्र तज्ज्ञांत अजून हमरीतुमरी आहे. एका गटाला तर आपले दोन गाजलेले निबंध 2018 मध्ये मागे घ्यावे लागले. कारणाबद्दल वाद आहे म्हणून घटनाच खोटी ठरत नाही.

'हे सगळं काचेच्या बशीतलं,' असं कोणी म्हणेल. मग टीबी पाहा. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमध्ये 1950 च्या दशकात उंदरांना आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड देऊन जंतू दिसेनासे केले. औषध थांबवल्यावर काही महिन्यांत सुमारे एक-तृतीयांश उंदरांत ते परत आले. माणसांतही तेच. चार महिन्यांत टीबी आटोपू पाहणाऱ्या नव्या पद्धतींचे 2014 मधले निकाल हिरमोड करणारे होते : थुंकी लवकर निगेटिव्ह झाली, पण रोग उलटण्याचं प्रमाण वाढलं. 2021 मध्ये चार महिन्यांचा एक कोर्स सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला, तो रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या जोडीमुळे. बरं वाटल्यावरही टीबीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवायला सांगतात, ते या मंदावलेल्या जंतूंसाठी. पेशंटला हे क्वचितच कोणी समजावून सांगतं. नुसता दम भरला जातो.

यावरून 'प्रत्येक कोर्स लांबवा' असं कोणी म्हणू लागलं, तर तेही तितकंच चूक. कितीतरी साध्या संसर्गांत थोड्या दिवसांचा कोर्स लांब कोर्सइतकाच चालतो, कारण उरलेसुरले जंतू शरीराची प्रतिकारशक्ती निपटते. पर्सिस्टरचं फावतं ते तिचा हात पोचत नाही तिथे : टीबीच्या गाठीत, कृत्रिम सांध्यावर बसलेल्या जंतूंच्या चिकट थरात.

म्हणून रेझिस्टन्सची धास्ती सोडायची का? मुळीच नाही. 2017 मध्ये बालबान यांच्याच गटाने दाखवलं, की अँपिसिलिनचा मारा पुन्हा पुन्हा झाला तर ई. कोलाय आधी तग धरायला शिकतो आणि त्यानंतर त्यात खरा रेझिस्टन्स येतो. म्हणजे दुर्लक्ष झालेला पर्सिस्टरच पुढच्या संकटाला जागा करून देतो. आणि तो आपल्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. कल्चर-सेन्सिटिव्हिटीत जंतू औषधासमोर वाढतो की नाही एवढंच पाहतात; झोपलेला तिथे वाढतच नाही. दुखणं उलटूनही रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' येतं ते यामुळे. अशा वेळी लॅबवर खापर फोडून चढं अँटिबायोटिक लिहिण्याआधी जंतू कुठे दडून बसलाय, ते आधी शोधायला हवं.