तीन बत्तिसांश इंच

तीर्थरूपांच्या मागे आम्ही दोघे भाऊ उरलो, एक मॉरिस मायनर उरली आणि तिचे काय करायचे हा वाद उरला. दादा म्हणे, विकू. मी म्हणे, ठेवू. दोन वर्षे आमचे बोलणे यापलीकडे गेले नव्हते.

गाडी मात्र रस्त्यावर भरकटू लागली. पुढच्या नव्या टायरांच्या बाहेरच्या कडा करवतीसारख्या झिजल्या. एका चकचकीत दुकानात गेलो, तर १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात अवतरलेल्या या बाईंची तिथल्या संगणकाला ओळखच नव्हती. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठले. ते म्हणाले, "सर, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस आणा."

दादाला फोन केला. कुरकुरत का होईना, आला.

मिस्त्रींनी पुढच्या दोन्ही टायरांवर, आसाच्या उंचीला, समोरून खडूच्या खुणा केल्या. त्यांच्यातले अंतर आम्ही मोजले. मग चाके अर्धा फेरा फिरतील इतकी गाडी ढकलली. त्याच खुणा मागे गेल्या. पुन्हा मोजले. पुढचे माप मागच्यापेक्षा पाव इंच कमी!

"३/३२ इंच हवं," मिस्त्री म्हणाले.

म्हणजे अडीच मिलिमीटरही नाही! या गाडीचे जनक अलेक इसिगोनिस यांनी तर नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून चांगली ४ इंच रुंद केली होती. मला हसू आले. पण लगेच वाटले, 'दिन' आणि 'दीन' यांत तरी असे कितीसे अंतर असते?

"चाकं अगदी सरळच का नाही ठेवत?" दादाने विचारले.

"धावताना फाकतात ना! मागून गाडी ढकलते, समोरून रस्ता अडवतो. म्हणून उभ्या गाडीत ती एकमेकांकडे किंचित कललेली ठेवायची. मग धावताना सरळ होतात."

मी घाईने माझ्या बाजूचा दांडा फिरवायला गेलो, तसा मिस्त्रींनी हात धरला. "एकट्यानं नाही, सर. माप जमेल, पण स्टिअरिंग वाकडं बसेल. दोन्हीकडून सारखं फिरवायचं."

दोघांनी मिळून फिरवले. परतताना गाडी दादाने चालवली. बाबा वळणावर उगीच हॉर्न वाजवत, तसाच त्यानेही वाजवला.

घरी हिने विचारले, "मग काय, विकायचं ठरलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो विषय काढायचा राहूनच गेला होता.