धोक्याची खूण बाटलीवर राहू द्या

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या अंगणवाडीत एकाच सतरंजीवर चार भाषा बसतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, कुणाच्या मराठी. ‘विष’ हा शब्द वाचता यायला या मुलांना अजून दोन-तीन वर्षं लागतील. चित्र मात्र सगळ्यांना एकदमच शिकवता येतं. म्हणून रंग, आकार, फळं यांच्याबरोबर धोक्याच्या खुणाही अंगणवाडीतच शिकवायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मी गल्लीतल्या विजेच्या डीपीपासून करते. तिथल्या पाटीवरची कवटी मुलं रोज बघतात. ‘हे काय?’ विचारलं की ‘भूत!’ म्हणतात, आणि भूत बघायला आणखी जवळ जातात. म्हणून नुसती भीती घालून भागत नाही, काय करायचं ते शिकवावं लागतं: हात लावायचा नाही, मागे सरकायचं, मोठ्यांना सांगायचं. हे आम्ही खेळातून पुन्हा पुन्हा घोटतो.

सुट्टीत मुलं आजोळी जातात. तिथे द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीचे डबे असतात. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार त्यांवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत कमी. पण कवटी फक्त लालवरच असते. शिवाय सिग्नलचा हिरवा म्हणजे ‘जा’ हेही आम्हीच मुलांना शिकवलेलं असतं. त्यामुळे डब्यावरचा त्रिकोण कुठल्याही रंगाचा असो, हात लावायचा नाही, हे वेगळं सांगावं लागतं.

तरीही सगळा भार खुणेवर टाकता येत नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातले डॉ. रिचर्ड मोरियार्टी यांनी १९७१ मध्ये कवटीऐवजी तोंड वाकडं केलेला हिरवा चेहरा आणला, कारण कवटी बघून मुलांना समुद्री चाचे आठवत. पुढच्या अभ्यासांत मात्र असं दिसलं की, अगदी लहान मुलं त्या चेहऱ्यामुळे बाटलीपासून लांब राहत नाहीत. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी उंच फडताळ आणि कडी हाच उपाय.

आणि आपण मोठी माणसं तर खूणच पुसून टाकतो. हातगाडीवरचं सुटं फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत घेतो, संडासाचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत ओततो. सूत रंगवायच्या कामातला कॉस्टिक सोडा साध्या पिशवीतून घरी येतो. मूल कालच कवटी ओळखायला शिकलेलं असलं, तरी त्या बाटलीवर त्याला सरबताचंच चित्र दिसतं. इथे चूक मुलाची नसते.

मूल ॲसिड किंवा रॉकेल प्यायलं, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. वर येताना ॲसिड अन्ननलिका पुन्हा जाळतं, रॉकेल फुप्फुसात शिरतं. १०८ ला फोन करा आणि ती बाटली दवाखान्यात सोबत न्या.

खुणा शिकवायचं काम आम्ही अंगणवाडी सेविका मनापासून करू. तुम्ही आजच मोरीत आणि ओट्याखाली बघा. प्यायच्या बाटलीत भरलेलं फिनेल, ॲसिड, रॉकेल तिथून हलवा. इथून पुढे या वस्तू मूळ डब्यातच, लेबलासकट, मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.