सीटखालचा मेकॅनिक

शनिवारी सकाळी सहाला चांदणी चौक, पौडला मिसळ, मग ताम्हिणी. पुण्यात नोकरी आणि बाइक दोन्ही असणाऱ्याला हा प्लॅन समजावून सांगावा लागत नाही. जॅकेट असतं, ग्लव्हज असतात, हेल्मेटवर कॅमेराही असतो. आणि टूलकिट? 'असेल की सीटखाली!'

माझंही होतं. २०१९च्या जुलैत ताम्हिणीतून परतताना क्लचची केबल तटकन तुटली. संध्याकाळचे सहा, धो धो पाऊस, मोबाइलला रेंज शून्य. कंपनीने दिलेलं ते पाऊच चार वर्षांत पहिल्यांदाच उघडलं. आत एक प्लग पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक गंजलेला पाना. केबल नव्हतीच. असती तरी बसवायची कशी, हे आम्हा दोन इंजिनीअरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. (सॉफ्टवेअरवाले, पण तरी!)

पाऊण तासाने एक दूधवाले काका थांबले. "काय झालं रं पोरांनो?" त्यांच्या पिशवीत पक्कड, पाने, तार, स्पेअर केबल, सगळं! पण केबल त्यांच्या गाडीची, आमच्या गाडीला आखूड पडली. मग म्हणाले, "गाडी चालू करून ढकल, पळायला लागली की बस आन् गिअर टाक. थांबू नगंस मातर." मित्र त्यांच्यामागे, मांडीवर रिकामी किटली घेऊन. मी विनाक्लच, पौडपर्यंत. वाटेत आडवी आलेली प्रत्येक म्हैस मला आजही आठवते.

आता जुन्या जीन्सच्या पायात गुंडाळलेलं एक बोचकं सोबत असतं. पाने कुणाची यादी बघून घेऊ नका, आपल्या गाडीचे नट बघून घ्या. १०, १२, १४ नंबर बऱ्याच गाड्यांना लागतात, मागच्या चाकाचा नट मात्र चांगलाच मोठा असतो. शिवाय एलन की, पक्कड, चिकटपट्टी, दोन फ्यूज, टॉर्च. क्लच केबल मी बोचक्यात ठेवतच नाही. नवी केबल जुनीच्या शेजारून टाकून झिप टायने बांधून ठेवलीय. तुटली, की फक्त दोन टोकं अडकवायची.

टायर ट्यूबलेस असेल तर टोच्या, रबरी पट्ट्या आणि छोटा पंप. खिळा उपटा, भोक टोच्याने घासा, पट्टी घुसवा, हवा भरा. स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते, तिथे चाकच उतरवावं लागतं.

'आमची गाडी बीएस-सिक्स, फ्युएल इंजेक्शन आहे, त्यात रस्त्यावर काय करणार?' कबूल, २०२० पासूनच्या या गाड्यांत आपण हात घालावा असं कमीच उरलंय. पण केबल तशीच तुटते आणि खिळा तसाच घुसतो. उलट अनेक गाड्यांची किकही गेली, त्यामुळे बॅटरी बसली की धक्का!

हे सगळं विकत घेणं सोपं. एखाद्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या हातांनी, मागचं चाक काढून परत बसवून बघा. मला पहिल्यांदा दोन तास लागले. वॉचमनने तीनदा विचारलं, "साहेब, मेकॅनिकला बोलावू का?" चाक एकदाचं बसलं, हात पुसले, आणि फरशीवर एक वॉशर उरलेला दिसला. परत सगळं उघडलं.