पाच फुटांची वाट

किराणा-भुसाराच्या व्यापारात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या आपल्या कुटुंबांना सुपारीची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु एका सबंध बेटाने सुपारीचे नाव धारण केले आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. मलय भाषेत सुपारीला 'पिनांग' म्हणतात. मलेशियाच्या वायव्य किनाऱ्यालगतचे 'पुलाउ पिनांग' म्हणजे सुपारीचे बेट. इंग्रजी उच्चारामुळे ते जगात 'पेनांग' म्हणून ओळखले जाते. तेथील राज्याच्या ध्वजावरही सुपारीचेच झाड आहे. या बेटावरचे जुने बंदर म्हणजे जॉर्जटाउन. गेल्या आश्विनात, दिवाळीची गर्दी सुरू होण्यापूर्वी, मी, माझी पत्नी आणि नुकताच पेढीवर बसू लागलेला आमचा नातू असे तिघे तेथे सहा दिवस राहून आलो.

निघण्यापूर्वी घरात एक प्रश्न अर्धवट राहिला होता. भवानी पेठेतील आमचे जुने दुकान उतरवून नव्याने बांधायचे आहे. दुकानापुढे साडेचार फुटांचा ओटा आहे. हमाल त्यावर टेकतात, पावसात वाटसरू उभे राहतात, दुपारी शेजारचे म्हातारे गप्पा मारतात. नव्या नकाशात तो ओटा आत घेऊन त्यापुढे शटर लावावे, असे नातवाचे मत होते. थोरले बंधूही त्याच मताचे. मला ते रुचत नव्हते, पण का रुचत नाही, हे मला नीट सांगता येत नव्हते. तो विषय तसाच ठेवून आम्ही विमानात बसलो.

१७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने फ्रान्सिस लाइट याने हे बेट ताब्यात घेतले आणि राजा तिसरा जॉर्ज याच्या नावाने नगर वसवले. व्यापारी यावेत म्हणून बंदर जकातमुक्त ठेवले. मग दक्षिण चीनमधून होक्किएन व कँटनी लोक आले, तमिळ किनाऱ्यावरून चुलिया मुसलमान आले, सुमात्रातील आचेहून अरब वंशाचे व्यापारी आले. ब्रह्मी, सयामी, आर्मेनियन, गुजराती आणि सावकारी करणारे नाट्टुकोट्टै चेट्टियारही आले. मिरी, लवंग, जायफळ, सुपारी आणि पुढे कथील हा येथला माल. यांपैकी बहुतेक जण घर सोडून, समुद्र ओलांडून, परक्या भाषेत व्यवहार करण्यास आलेले होते. राजस्थान-गुजरातेतून दोन-तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आलेल्या आपल्या पूर्वजांची स्थिती याहून फार निराळी नव्हती.

प्रत्येक समाजाने पाय रोवताच आपापले प्रार्थनास्थळ उभारले. त्यांतील चार प्रमुख स्थाने एकाच रस्त्यालगत आहेत. या रस्त्याचे नाव जालान मस्जिद कपितान केलिंग, आणि पाहुण्यांना तो 'सौहार्दाचा रस्ता' म्हणून दाखवला जातो. उत्तरेकडून निघावे. प्रथम १८१८ मध्ये पूर्ण झालेले, पांढऱ्या खांबांचे सेंट जॉर्ज चर्च लागते. थोडे पुढे क्वान यिन या करुणादेवीचे मंदिर आहे. आपल्याकडील बौद्धांचा अवलोकितेश्वर चीनमध्ये पोचला आणि कालांतराने तेथे मातृरूपात पूजिला जाऊ लागला, तीच ही क्वान यिन. मग १८३३ मधील श्री महामारियम्मन मंदिराचे रंगीत गोपुर दिसते. त्याचे द्वार मागील क्वीन स्ट्रीटवर आहे. आणखी काही पावलांवर १८०१ मध्ये स्थापन झालेली कपितान केलिंग मशीद आहे. दक्षिण भारतातून आलेले व्यापारी कादर मोहिद्दीन हे तिचे संस्थापक. कंपनी सरकार प्रत्येक समाजाचा एक मुखिया नेमत असे, त्याला 'कपितान' म्हणत. हे सारे अंतर रमतगमत अर्ध्या तासात चालून होते.

क्वान यिनच्या मंदिरात उदबत्त्यांच्या धुरात आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. हे मंदिर होक्किएन आणि कँटनी या दोन्ही समाजांनी मिळून उभारलेले आहे. दोघेही चिनी असले तरी त्यांची बोली एकमेकांस कळत नाही. समान देवता हाच त्यांच्यातील दुवा होता. अनेक चिनी भाविक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार वर्ज्य करतात. हे ऐकून पत्नीला आपल्या अष्टमी-चतुर्दशीची आठवण झाली. आम्ही गेलो तेव्हा तर 'नऊ सम्राट देवां'चा उत्सव चालू होता. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंतचे दिवस, असंख्य चिनी कुटुंबे शाकाहार पाळतात, पांढरी वस्त्रे नेसतात. रस्तोरस्ती शाकाहारी अन्नाच्या दुकानांवर पिवळ्या पताका लागतात. नवपद ओळीच्या तोंडावर परदेशात असा देखावा पाहायला मिळेल, असे आम्हाला स्वप्नातही वाटले नव्हते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहाराविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारी स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, ही आपल्या सोयीची गोष्ट. परंतु कंदमुळे आणि अळंबी सर्रास असतात, आणि मांसाच्या आकाराचे सोयाबीनचे पदार्थ पाहून मन साशंक होते. तेव्हा विचारूनच घ्यावे. पेनांग स्ट्रीट परिसरातील 'लिटल इंडिया'त केळीच्या पानावरचे शुद्ध शाकाहारी जेवण मिळते. सूर्यास्त सातच्या सुमारास किंवा त्यानंतर होतो, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांस दिवसभर फिरून वेळेत जेवता येते. खाखरे आणि सुका नाश्ता मात्र बरोबर असावाच.

सौहार्दाचा हा रस्ता पाहून 'पाहा, सर्व धर्म कसे गुण्यागोविंदाने नांदतात' असे म्हणून परतणे सोपे आहे. पण त्याच रस्त्याने दक्षिणेकडे गेल्यास खू कोंग्सी लागते आणि तेथे निराळी गोष्ट ऐकू येते. खू आडनावाच्या होक्किएन घराण्याचे हे कुलगृह. पूर्वीची वास्तू १९०१ मध्ये आगीत भस्मसात झाली. सध्याची १९०६ मध्ये पूर्ण झाली. छतावरील व भिंतींवरील कोरीव काम पाहताना मान दुखू लागते. पण माझे लक्ष पूर्वजांच्या दालनातील फलकांकडे गेले. घराण्यातील ज्या मुला-मुलींनी विद्यापीठाच्या पदव्या मिळवल्या, त्यांची नावे तेथे मांडलेली आहेत. आपल्या समाजाच्या बोर्डिंगमधून शिकलेल्यांच्या नावांचे फलक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. परमुलखात गेलेला व्यापारी प्रथम देऊळ बांधतो, मग नवागताच्या निवाऱ्याची आणि पुढच्या पिढीच्या शिक्षणाची सोय करतो.

या कुलगृहाजवळच्या रस्त्याचे नाव कॅनन स्ट्रीट, म्हणजे तोफेचा रस्ता. १८६७ च्या ऑगस्टमध्ये जॉर्जटाउनमध्ये सुमारे दहा दिवस दंगल पेटली होती, तिच्याशी हे नाव जोडले जाते. घी हिन आणि तोह पेह काँग या दोन चिनी गुप्त मंडळ्या परस्परांवर तुटून पडल्या. पहिलीत कँटनी लोकांचा भरणा होता, तर दुसरी होक्किएनांची, म्हणजे क्वान यिनचे मंदिर ज्यांनी मिळून बांधले, तेच हे दोन समाज. शिवाय मलय व भारतीय मुसलमानांच्याही दोन टोळ्या होत्या, पांढऱ्या निशाणाची आणि तांबड्या निशाणाची. त्यांतील एक एका चिनी मंडळीस मिळाली, दुसरी दुसरीस. म्हणजे ही लढाई धर्माविरुद्ध धर्म अशी नव्हती. ती व्यापार आणि वर्चस्व यांची होती. मंदिर-मशीद जवळजवळ असल्याने शांतता आपोआप नांदत नाही, हे त्या दहा दिवसांनी दाखवून दिले. मग पुढे ती नांदली कशाने?

याचे सबंध उत्तर देण्याइतका माझा अभ्यास नाही. पण उत्तराचा एक अंश मला चौथ्या दिवशी दुपारी पावसात सापडला. लिटल इंडियात असताना अकस्मात मुसळधार पाऊस आला. आम्ही एका मसाल्याच्या दुकानापुढे आडोशाला उभे राहिलो. येथील जुन्या इमारतींत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते. अशा प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भागात, वरच्या मजल्याखाली, सुमारे पाच फूट रुंदीची जागा मोकळी सोडलेली असते. शेजारच्या दुकानाची मोकळी जागा तिला लागून, त्यापुढे तिसऱ्याची, अशी रस्त्याच्या टोकापर्यंत एक छायेची वाट तयार होते. मलय भाषेत तिला 'काकी लिमा', म्हणजे पाच फूट, असेच नाव आहे. उन्हात आणि पावसात सारे नगर या वाटेने चालते.

तमिळ भाषक वृद्ध दुकानदाराने पत्नीसाठी स्टूल पुढे सरकवले. नातवाने त्याला इंग्रजीत विचारले, "ही जागा आपली की नगरपालिकेची?"

तो म्हणाला, "जागा माझी. वाट सर्वांची."

ही पद्धत सिंगापूरमध्ये १८२२ च्या नगररचनेत रॅफल्सने घालून दिली आणि तेथून ती या प्रदेशातील नगरांत रुजली. ती केवळ सद्भावनेने टिकली असे समजू नये. दुकानदार त्या जागेत माल मांडत, सरकार तो हटवी. १८८८ मध्ये सिंगापुरात याच कारणावरून दंगलही झाली. आजही जॉर्जटाउनमध्ये कोठे मोटारसायकली, कोठे खोकी वाट अडवून उभी दिसतात. तरीही नियम आहे, आणि तो चिनी, तमिळ, मलय सर्वांना सारखाच आहे. चिनी दुकानदाराच्या छपराखालून मुसलमान मशिदीकडे जातो, हिंदू देवळाकडे जातो. कोणी कोणाची परवानगी मागत नाही, कोणी उपकारही मानत नाही. शेजाऱ्याचा देव आपलाच मानावा, अशी अट येथे नाही. त्याला जाण्यापुरती जागा आपल्या हद्दीतून सोडावी, एवढीच अपेक्षा आहे.

या नगराचे दुःखही सांगितले पाहिजे. येथील जुनी घरे १९६६ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली होती. भाडी इतकी अल्प की मालकास दुरुस्ती परवडेना, पण त्यामुळेच कारागीर, शिंपी, छोटे दुकानदार नगराच्या मध्यभागी राहू शकले. १ जानेवारी २००० पासून तो कायदा रद्द झाला. भाडी चढली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे बाहेर पडली. आपल्याकडील भाडे नियंत्रण कायदाही त्याच वर्षी, ३१ मार्चला लागू झाला. पागडीची घरे ज्यांनी मालक म्हणून किंवा भाडेकरू म्हणून पाहिली आहेत, त्यांना या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. ७ जुलै २००८ रोजी मलाक्कासह जॉर्जटाउनला जागतिक वारशाचा मान मिळाला. वास्तू वाचल्या, रंगल्या. मात्र त्यांतील कित्येकांत आता उपाहारगृहे आणि पाहुण्यांच्या खोल्या आहेत. भिंतींवरची चित्रे पाहण्यास रांगा लागतात, परंतु वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे फारसे दिसत नाहीत.

म्हणून तेथे जाणाऱ्यांनी समुद्रातील खांबांवर वसलेले च्यू घराण्याचे धक्क्यावरील घरकुल अवश्य पाहावे, पण तेथे अद्याप माणसे राहतात, हे ध्यानात ठेवून घरांत डोकावू नये. लोरोंग बर्मा या गल्लीत समोरासमोर उभी असलेली ब्रह्मी आणि सयामी बुद्धमंदिरे पाहावीत. केक लोक सी हे टेकडीवरील विशाल मंदिर आणि रेल्वेने वर नेणारी पेनांग टेकडी यांसाठी एक दिवस राखावा. जानेवारी-फेब्रुवारीत थैपुसमला गेल्यास चेट्टियारांचा चांदीचा रथ पाहायला मिळेल. त्या रथापुढे चिनी भाविकही नारळ फोडतात.

परत आल्यावर आठवडाभर ओट्याचा विषय कोणी काढला नाही. मग एके संध्याकाळी नातू कागद घेऊन आला. ओट्याचे क्षेत्रफळ काढून, आजच्या भावाने त्याची किंमत मांडून त्याने खाली रेघ मारली होती. रक्कम लहान नव्हती.

"आजोबा, एवढे आपण सोडतो आहोत, हे एकदा डोळ्यांपुढे असावे म्हणून लिहिले," तो म्हणाला. "ओटा राहू द्या. फक्त शेजारच्या दोघांशीही बोलू या. त्यांनीही ठेवला तरच त्याची वाट होईल."

जे मला सांगता येत नव्हते, ते त्याने सांगितले. थोरल्या बंधूंना तो हिशेब अजून पटलेला नाही. पुढच्या रविवारी शेजारच्या दोन्ही दुकानदारांना चहाला बोलावले आहे.