नादुरुस्त परिपथ परीक्षेत का नको?

ओहमचा नियम पडताळून पाहताना तुमच्या मेजावरचा परिपथ कधी बिघडलेला होता का? बहुधा नसेल. सरांनी तो आधीच तपासून ठेवलेला असतो. माझी तक्रार नेमकी याच काळजीबद्दल आहे.

एका कारखान्याच्या गोदामात पाहिलेली गोष्ट सांगतो. तेथे बॅटरीवर चालणारी एक जुनी फोर्कलिफ्ट होती. बॅटरी 48 व्होल्टची, म्हणजे 2 व्होल्टचे 24 शिसे-आम्ल घट एकसरीत जोडलेले. पॅडल दाबले की थायरिस्टरचा नियंत्रक मोटरला मिळणारी धारा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो; चालू राहण्याचा वेळ वाढला की वेग वाढतो. पुढे जायचे की मागे, हे दोन कॉन्टॅक्टर ठरवतात. कॉन्टॅक्टर म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा मोठा स्विच. त्याच्या कॉइलला वीज मिळाली की ‘टक्’ असा आवाज होऊन तो जोडला जातो.

ही गाडी मागे जाई, पुढे मात्र जाईना. पुढचा ‘टक्’ ऐकूच येत नव्हता. “कार्ड गेलं, साहेब,” मिस्त्रींनी निदान केले. कार्ड म्हणजे नियंत्रकातील इलेक्ट्रॉनिक पट्टी, फार महाग. आता विचार करा. किल्ली, आसनाखालचा स्विच, हँडब्रेकचा स्विच, पॅडल, कार्ड, मोटर हे सारे दोन्ही दिशांना सामाईक. गाडी मागे जाते, त्या अर्थी ते सारे ठीक असणार. संशय उरतो तो फक्त पुढच्या शाखेवर: दिशा-लिव्हरचा एक संपर्क, एक वायर, एक कॉइल. इथपर्यंत यायला मीटरसुद्धा लागत नाही.

मिस्त्रींनाही हे पटले. त्यांनी कॉइलची वायर सोडवून तिच्यावर मीटर लावला. 48 व्होल्ट! “सप्लाय येतोय, म्हणजे कॉइलच गेली.” नवी कॉइल बसवली, तरी ‘टक्’ नाहीच. मग वायर जोडलेली ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा मीटरने जेमतेम 24 दाखवले.

उरलेले 24 व्होल्ट कोठे गेले? ठिणग्यांनी काळ्या पडलेल्या त्या लिव्हरच्या संपर्कावर. हिशोबासाठी कॉइलचा रोध 48 ओहम धरा. संपर्काचा रोधही तेवढाच झाला, तर विभवांतर निम्मे-निम्मे वाटले जाते. वायर सोडवल्यावर मात्र कॉइलच्या जागी येतो मीटर. त्याचा रोध सुमारे 1 कोटी ओहम. धारा 5 मायक्रोअँपिअरहून कमी. एवढ्याशा धारेने 48 ओहमवर पाव मिलिव्होल्टही घटत नाही. मीटर बरोबरच सांगत होता, पण ते वाचन काम न करणाऱ्या परिपथाचे होते.

मिस्त्रींना हसू नका. विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध, हे तुम्हांआम्हांला तोंडपाठ असते आणि आपणही येथेच अडखळतो. कारण शाळेत वाचन पुस्तकाशी जुळले की गुण मिळतात. न जुळल्यास जोडणी बदलून दिली जाते. शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही, त्यात हे कोठे बसवायचे? खरे आहे. पण तोच प्रयोग चौथ्यांदा करून घेण्याऐवजी एक तास बिघाड शोधायला द्यावा, असे मला वाटते.

फोर्कलिफ्टला मात्र हात लावू नका. तिच्या बॅटरीचे दोन ध्रुव चुकून पान्याने जोडले गेले तर पाना वितळू शकतो, आणि बॅटरी सोडवल्यावरही नियंत्रकातील धारित्रांत भार उरतो. आपल्याला 4 कोरडे घट, टॉर्चचा 6 व्होल्टचा बल्ब आणि एक स्विच पुरे. स्विचच्या खोक्यात 20 ओहमचा रोध गुपचूप जोडून ठेवावा. बल्ब मिणमिणतो, कारण शोधा, आणि प्रत्येक वाचन कशासाठी घेतले ते लिहा. गुण त्या लिहिण्याला द्यावेत. रोधाची जागा मात्र दर तुकडीला बदलावी लागेल, नाहीतर दुसऱ्या तुकडीला उत्तर व्हरांड्यातच कळेल.