डोंगर चढून आलेली आगबोट

समुद्राशी नदीने जोडलेल्या सरोवरात जहाज कसे येते, हे सांगावे लागत नाही. परंतु पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर पसरलेले तितिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरहून अधिक उंचीवर, अँडीज पर्वतराजीत आहे. त्यातून बाहेर पडणारी देसाग्वादेरो नदीसुद्धा समुद्राला मिळत नाही. पठारावरच तिचा शेवट होतो. अशा पाण्यात लोखंडी आगबोट कशी अवतरली, याची कथा पाण्यापेक्षा खडकाळ वाटांवरच अधिक घडली.

१८६१ मध्ये पेरूच्या सरकारने या सरोवरासाठी इंग्लंडमधून दोन लहान युद्धनौका मागविल्या. ‘यावारी’ आणि ‘यापुरा’ ही त्यांची नावे. जेम्स वॉट यांच्या नावाने चालणाऱ्या कारखान्यात त्यांचे काम झाले आणि १८६२ च्या ऑक्टोबरात त्या सुट्या भागांच्या रूपाने आरिका बंदरात उतरल्या. आज चिलीत असलेले हे बंदर तेव्हा पेरूचे होते. भाग आणि पेट्या मिळून संख्या होती २,७६६. भाग पाडताना इंग्लंडमधील कारागिरांना बोटीइतकाच विचार खेचराच्या पाठीचाही करावा लागला होता. जे त्या पाठीला पेलणार नाही ते डोंगर चढणार नव्हते.

आरिकाहून ताक्ना गावापर्यंत आगगाडी होती. तेथून पुढे खेचरे आणि हमाल. किनाऱ्यालगतचे वाळवंट ओलांडायचे, चार हजार मीटरहून उंच खिंडी पार करायच्या, आणि तेही विरळ हवेत, जेथे रिकाम्या हातांनी चालणाऱ्यालाही धाप लागते. काम रखडले. बोटीचे तुकडे वाटेवर ठिकठिकाणी पडून राहिले. मध्यंतरी स्पेनशी युद्ध झाले, सरोवराकाठच्या शेतकऱ्यांनी बंड केले, आणि १८६८ च्या ऑगस्टात भूकंपाने आरिका उद्ध्वस्त केले. एवढे होऊनही १८६९ च्या आरंभी पुनो येथे ‘यावारी’ची जुळणी सुरू झाली आणि २५ डिसेंबर १८७० रोजी ती पाण्यात उतरली. इंग्लंडमधील कारखान्याचे कौतुक योग्यच आहे. तथापि माझ्या मते या नौकेचे अर्धे श्रेय त्या वाटेवर लोखंड वाहणाऱ्यांचे आहे.

यानंतरचा प्रश्न जळणाचा. त्या उघड्या पठारावर लाकूड दुर्मिळ आणि कोळसा दूरचा. तेव्हा बाष्पकाच्या भट्टीत जाऊ लागल्या लामा या प्राण्याच्या वाळलेल्या लेंड्या! गोवऱ्यांवर स्वयंपाक झालेल्या घरांतील वाचकांना यात नवल वाटणार नाही. मात्र त्यांना एक अडचण चटकन ध्यानात येईल. असले जळण हलके असते, भराभर जळते आणि जागा फार खाते. इंधनाचे ढीग रचले की मालासाठी जागा उरेना. पुढे नौकेची लांबी शंभर फुटांवरून सुमारे दीडशे फुटांपर्यंत वाढविण्यात आली. १९१४ मध्ये वाफेचे यंत्र काढून तेलावर चालणारे स्वीडिश बनावटीचे बोलिंडर यंत्र बसविले गेले.

१८७० च्या दशकात लोहमार्ग पुनोपर्यंत पोहोचला आणि सरोवरावरील प्रवासाचे रूप पालटले. ‘कोया’, ‘इंका’, ‘ओयांता’ या मोठ्या आगबोटींचे भाग रेल्वेने वर आले. पेरूच्या किनाऱ्याकडून निघालेला उतारू पुनोला आगगाडीतून उतरे, बोटीने सरोवर ओलांडून बोलिव्हियातील ग्वाकी बंदर गाठी आणि तेथून पुन्हा गाडीने ला पास नगरीला जाई. पूर्वीच्या खेचरांच्या वाटेची त्याला कल्पनाही येत नसेल.

‘यावारी’ मात्र कालांतराने निवृत्त होऊन किनाऱ्याला पडून राहिली. १९८७ मध्ये मेरिएल लार्कन या इंग्रज बाईंनी पुढाकार घेऊन ती विकत घेतली आणि तिच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. तपासणी झाली, तेव्हा शतकाहून जुने ते लोखंडी कवच अजून मजबूत असल्याचे आढळले. समुद्रावर एवढ्या काळात खाऱ्या पाण्याने ते केव्हाच पोखरले असते. तितिकाकाच्या गोड्या पाण्याने ते राखले होते.